‘कंप्लीट’ म्हणजे कशाच्या मानाने पूर्ण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात तुम्ही निर्यातीचा पत्रव्यवहार पाहता. परदेशी खरेदीदाराच्या एकाच पत्रात ‘ऑर्डर कंप्लीट आहे का’, ‘माल फिनिश्ड आहे का’ आणि ‘कंप्लीटेड फॉर्म परत पाठवा’ अशा अर्थाची तीन वाक्ये आली. तुम्ही तिन्ही ठिकाणी ‘पूर्ण’ असे समजून एकच उत्तर पाठवले, तेव्हा खरेदीदाराने तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारले. आता तुम्हाला हे जाणून घ्यायचे आहे की ‘कंप्लीट’ या विशेषणाचे अर्थ नेमके किती, ते ‘फिनिश्ड’हून वेगळे कसे, त्याला ‘मोअर’ किंवा ‘व्हेरी’ लावणे चालते का, आणि ‘कंप्लीट फूल’मधला ‘कंप्लीट’ हाच शब्द आहे की दुसरा.

सोलापुरात व्यापारी आणि न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतराचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की ‘कंप्लीट’चे अर्थ पाठ करण्यात वेळ घालवू नये. हे विशेषण स्वतः काहीच मोजत नाही. कुठली तरी यादी, आराखडा, करार किंवा व्याख्या आधीपासून मनात असते, तिच्याशी ताडून पाहिल्यावर काहीही उणे राहिलेले नाही, एवढेच ते सांगते. ती यादी लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनात एकच असेल तर शब्द निर्धोक असतो. दोघांच्या मनात दोन याद्या असतील तर व्याकरण निर्दोष असूनही पत्र फसते. तुमच्या बाबतीत बहुधा तेच झाले आहे.

शब्दाच्या कुळाकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. लॅटिनमध्ये ‘प्लेरे’ म्हणजे भरणे आणि ‘कॉम्प्लेरे’ म्हणजे पुरते भरून काढणे. त्यापासून आलेले विशेषण फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले आणि क्रियापद त्यानंतर रुळले. आपला ‘पूर्ण’, लॅटिनमधला ‘प्लेनुस’ आणि इंग्रजीतला ‘फुल’ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत, त्यामुळे ‘कंप्लीट’ला ‘पूर्ण’ म्हणण्यात मुळात चूक काहीच नाही. ‘फिनिश’चे घराणे मात्र वेगळे. त्याच्या मुळाशी ‘फिनिस’, म्हणजे शेवट किंवा सीमा, हा शब्द आहे. एक शब्द आतली रिकामी जागा भरली का ते पाहतो आणि दुसरा काम शेवटाला पोहोचले का ते पाहतो. मराठीत आपण दोन्हीकडे ‘पूर्ण झाले’ म्हणून मोकळे होतो, परंतु ‘पुरे’, ‘सगळे’, ‘संपले’, ‘आटोपले’, ‘उरकले’, ‘तयार झाले’ असे वेगवेगळे शब्द आपल्याकडेही आहेत आणि भाषांतरात त्यांचा उपयोग करायला हरकत नसावी. मोबाइलवर नेहमी फिरणारा एक विनोद आहे, ज्यात जोडीदार चांगला मिळाला तर माणूस ‘कंप्लीट’ होतो आणि वाईट मिळाला तर ‘फिनिश्ड’ होतो. या दोन शब्दांतला फरक कोणत्याही शब्दकोशाला सांगता येत नाही, असा त्याच्या सुरुवातीचा दावा असतो. विनोद ठीक आहे, दावा मात्र खरा नाही, कारण कोणताही बरा शब्दकोश हा फरक सांगतो, आणि ‘फिनिश्ड’चा ‘संपला, बुडाला’ हा अर्थही त्यात नोंदलेला असतो.

आता तुमच्याच कारखान्यात या. मागावरून उतरलेला टॉवेलचा ताका हा अजून विकण्याजोगा माल नसतो. त्याची धुलाई, लागेल तेथे रंगाई, मऊपणासाठीची प्रक्रिया, वाळवणी, कापणी, कडांची शिलाई आणि तपासणी झाली की त्या नगाला ‘फिनिश्ड’ म्हणतात. वस्त्रोद्योगात तर ‘फिनिशिंग’ हे विणाईनंतरच्या प्रक्रियांचेच नाव आहे. म्हणूनच खरेदीदार करारात ‘फिनिश्ड साइज’ आणि फिनिश्ड अवस्थेतील दर चौरस मीटरचे वजन मागतो. धुलाईत टॉवेल आटतो, त्यामुळे मागावरचे माप लिहून दिले तर पुढे वाद ठरलेला. थोडक्यात, ‘फिनिश्ड’ हा एकेका नगाचा गुण आहे आणि तो प्रक्रियेशी बांधलेला आहे, तर ‘कंप्लीट’ हा ऑर्डरचा गुण आहे आणि तो यादीशी बांधलेला आहे. १०,००० नगांच्या ऑर्डरीपैकी ९,८०० नग शिवून, तपासून, खोक्यांत भरून ठेवलेले असतील तर ते ९,८०० नग फिनिश्ड आहेत, परंतु ऑर्डर कंप्लीट नाही. उलट १०,००० नग मोजून भरले आणि त्यांतील काहींच्या कडा शिवायच्या राहिल्या असतील तर संख्या कंप्लीट आहे, माल फिनिश्ड नाही. ऑर्डर संचांची असेल, म्हणजे आंघोळीचा, हाताचा आणि तोंड पुसायचा असे तीन टॉवेल मिळून एक संच असेल, तर हाताचे टॉवेल कमी पडताच प्रत्येक टॉवेल उत्तम फिनिश्ड असूनही संच अपुरा ठरतो, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने तेवढी विक्री अडते.

या भेदाला पैशाची बाजूही आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. तुमचा व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेली कागदपत्रे दिली की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावर, होत असेल तर बँक मालाकडे पाहत नाही, कागदपत्रांकडे पाहते. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या ‘यूसीपी ६००’ या लेटर ऑफ क्रेडिटविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, क्रेडिटमध्ये मनाई केलेली नसेल तर माल टप्प्याटप्प्याने पाठवता येतो. परिमाणात ५ टक्के कमी-अधिक चालण्याची सवलतही त्यात आहे, मात्र उचललेली एकूण रक्कम क्रेडिटच्या रकमेपलीकडे जाऊ नये अशी अट आहे, आणि परिमाण ठरावीक संख्येच्या नगांत किंवा खोक्यांत सांगितलेले असेल तर ही सवलत मुळीच मिळत नाही. टॉवेल सहसा नगांवर विकला जातो, त्यामुळे ‘जवळजवळ कंप्लीट’ ही स्थिती बोलण्यात चालली तरी नगांत लिहिलेल्या क्रेडिटमध्ये टप्प्याने पाठवण्यास मनाई असेल तर तिचा उपयोग होत नाही. त्याच नियमांत बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या कागदाच्या, मूळ प्रतींसाठी ‘फुल सेट’ असे शब्द आहेत. सहसा तीन मूळ प्रती निघतात आणि तिन्ही बँकेत द्याव्या लागतात. अर्थ ‘कंप्लीट सेट’ असाच होत असला तरी बँकेच्या कागदावर रुळलेला शब्द ‘फुल’ आहे, तेव्हा तेथे आपला शब्द घालू नये. पर्यायी शब्द अर्थाने बरोबर असणे आणि त्या व्यवसायात चालणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिसरे वाक्य ‘कंप्लीटेड फॉर्म’चे. येथे क्रियापदाचा अर्थ ‘भरणे’ असा आहे, म्हणजे लॅटिन मुळाच्या अगदी जवळचा. रिकाम्या रकान्यांत माहिती भरली की अर्ज ‘कंप्लीटेड’ होतो. अमेरिकी लोक बोलताना हाच भाव ‘फिल आउट’ने व्यक्त करतात, ब्रिटिश पद्धतीच्या औपचारिक लेखनात ‘कंप्लीट द फॉर्म’ अधिक दिसते. याच जागी ‘कंप्लीट फॉर्म’ असे विशेषण लिहिले तर अर्थ बदलतो, कारण मग सर्व पाने असलेला अर्ज असे समजले जाईल, आणि तो कोराही असू शकतो. आपल्याकडील निविदांमध्ये ‘कंप्लीट इन ऑल रिस्पेक्ट्स’ असा एक ठोकळेबाज प्रयोग असतो. त्याचे ‘सर्व बाबतींत परिपूर्ण’ हे मराठी ऐकायला भारदस्त आहे, पण त्यातून अर्जदाराला काहीच कळत नाही. तेथे भाषांतरकाराने खुशाल निविदेतील अटी उघडाव्यात आणि ‘सर्व रकाने भरलेला, स्वाक्षरी केलेला व आवश्यक कागदपत्रे जोडलेला अर्ज’ असे लिहावे. मूळ वाक्याचा हेतू तोच असतो.

तेव्हा खरेदीदाराला पाठवायच्या उत्तराचा आशय असा ठेवा: ‘१०,००० पैकी ९,८०० नग तयार असून त्यांची तपासणी झाली आहे; उरलेल्या २०० नगांची शिलाई चालू आहे; त्या नगांसह ऑर्डर अमुक तारखेपर्यंत कंप्लीट होईल; भरलेला व सही केलेला फॉर्म सोबत जोडला आहे.’ या आशयाच्या इंग्रजी पत्रात ‘कंप्लीट’ हे विशेषण एकदाच येईल आणि त्याच्या शेजारी संख्या असेल. संख्या शेजारी आली की शब्दाला डळमळायला जागा राहत नाही.

आता व्याकरण. ‘इज कंप्लीट’ ही स्थिती आहे, ‘हॅज बीन कंप्लीटेड’ ही घडून गेलेली क्रिया आहे. मराठीत ‘पूर्ण आहे’ आणि ‘पूर्ण करण्यात आले आहे’ यांत जे अंतर आहे, तेवढेच त्यांत आहे. तारीख द्यायची असेल, म्हणजे काम ५ मार्चला संपले असे सांगायचे असेल, तर क्रियापदच हवे. विशेषणाला घडून गेलेल्या घटनेची तारीख चिकटत नाही. काम कोणी केले हे सांगायचे असेल तरीही क्रियापदच लागते. ‘वर्क इज कंप्लीटेड’ हा आपल्या कार्यालयांतला लाडका प्रयोग आहे. तो चूक म्हणता येणार नाही, पण काम झाले आहे एवढेच सांगायचे असताना ‘इज कंप्लीट’ अधिक सुटसुटीत वाटते. एका लहानशा शब्दाकडे मात्र लक्ष द्या. ‘कंप्लीटेड बाय’नंतर तारीख आली तर ‘त्या तारखेपर्यंत’ आणि माणूस किंवा संस्था आली तर ‘त्यांच्याकडून’ असा अर्थ होतो. एकाच वाक्यात दोन्ही आले की वाचणारा अडखळतो, म्हणून अशा वेळी वाक्य तोडून दोन करावीत.

विशेषण आणि क्षण यांची उत्तम जोडणी पाहायची असेल तर १८७२ चा भारतीय करार कायदा काढा. त्याच्या कलम ४ मध्ये ‘इज कंप्लीट’ हा प्रयोग पुनःपुन्हा येतो. प्रस्ताव ज्याला दिला आहे त्याला तो माहीत होतो तेव्हा प्रस्तावाचे संसूचन, म्हणजे तो कळवणे, पूर्ण होते. स्वीकृतीची गोष्ट अधिक मार्मिक आहे. स्वीकृतीचे पत्र टपालात पडून परत घेण्याच्या पलीकडे गेले की प्रस्ताव करणाऱ्याच्या बाबतीत संसूचन पूर्ण झाले, परंतु स्वीकारणाऱ्याच्या बाबतीत ते पत्र प्रस्तावकाच्या माहितीत आल्यावरच पूर्ण होते. पत्र एकच, आणि ते एकाच्या बाबतीत सोमवारी पूर्ण, दुसऱ्याच्या बाबतीत गुरुवारी. कायद्याने ‘कोणाच्या बाबतीत’ हे स्पष्ट सांगितले म्हणूनच हे विशेषण येथे काटेकोर ठरते. नवशिके भाषांतरकार नेमका हाच भाग गाळतात आणि ‘स्वीकृती पूर्ण होते’ एवढेच लिहितात. तसे लिहिणे म्हणजे कलमाचा प्राण काढून घेणे आहे.

घराच्या व्यवहारातही असेच. जुळे सोलापूर असो की विजापूर रस्ता, सदनिकेच्या जाहिरातीत ‘कंप्लीट प्रोजेक्ट’ असे छापलेले असते आणि वाचणारा ‘आता राहायला जाता येईल’ असे समजतो. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यात पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या व्याख्या स्वतंत्र आहेत. पहिला दाखला मंजूर आराखडा, मांडणी आणि तपशील यांच्याप्रमाणे प्रकल्प उभारला आहे असे सांगतो. दुसरे प्रमाणपत्र पाणी, सांडपाण्याची सोय, वीज अशा नागरी सुविधा असलेल्या इमारतीत राहण्याची परवानगी देते. म्हणजे येथे ‘पूर्ण’चे माप मंजूर आराखडा हे आहे, जाहिरातीतले बगिच्याचे रंगीत चित्र हे नव्हे. असे कागद माझ्याकडे भाषांतराला आले की मी दोन्ही प्रमाणपत्रांची मराठी नावे पूर्ण लिहितो आणि नुसता ‘दाखला’ हा शब्द कोठेही एकटा सोडत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘कंप्लीट जस्टिस’ करण्यासाठी आवश्यक तो हुकूमनामा किंवा आदेश देण्याचा अधिकार आहे. हे विशेषण मुद्दाम मोकळे सोडलेले आहे, त्याला यादी जोडलेली नाही; मात्र ‘न्यायालयापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणात’ अशी कुंपणाची तार तेथेही आहेच. अयोध्या प्रकरणाच्या ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने या अनुच्छेदाचा आधार घेतला होता. उलट, स्वातंत्र्यलढ्यात याच विशेषणाला माप जोडण्यासाठी बराच वाद झाला. काँग्रेसच्या १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात हसरत मोहानी यांनी स्वराज्याचा अर्थ ‘कंप्लीट इंडिपेंडन्स’, तेही सर्व परकीय नियंत्रणापासून मुक्त असे, लावावा अशी सूचना आणली. ती संमत झाली नाही. १९२८ च्या नेहरू अहवालात वसाहतीचे स्वराज्य मागितले होते, म्हणजे ब्रिटिश राजमुकुटाशी नाते राखून. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर अधिवेशनाने ठराव केला की काँग्रेसच्या घटनेतील ‘स्वराज्य’ या शब्दाचा अर्थ यापुढे ‘कंप्लीट इंडिपेंडन्स’ असा राहील, आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. ठरावाचे स्वरूप नीट पाहिले तर ती एका शब्दाची व्याख्या आहे. त्यानंतरच्या आंदोलनात सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ पुकारला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. ‘पूर्ण स्वराज्य’ हे शब्द आपल्याकडे नुसते अलंकारिक मानले जातात, परंतु ‘पूर्ण’ या विशेषणाने तेथे एक विशिष्ट पर्याय नाकारलेला आहे, हे इंग्रजी मजकुराचे भाषांतर करताना लक्षात ठेवावे.

‘कंप्लीट फूल’मधला शब्द तोच आहे, फक्त त्याचे काम बदलले आहे. ‘कंप्लीट स्ट्रेंजर’, ‘कंप्लीट फेल्युअर’, ‘कंप्लीट सरप्राइज’ येथे भाग मोजायचे नसतात, नामाचा जोर वाढवायचा असतो. या अर्थाने ते फक्त नामाच्या आधी येते. ‘ही इज अ कंप्लीट फूल’ चालते, पण ‘तो मूर्ख कंप्लीट आहे’ अशा रचनेचे वाक्य इंग्रजीत निरर्थक होते. मराठीत यासाठी ‘पूर्ण’ वापरू नये. ‘पूर्ण मूर्ख’ कानाला खटकतेच. आपल्याकडे प्रत्येक नामाला आपला आपला शब्द आहे: पुरता मूर्ख, अगदी अनोळखी, साफ अपयश, निव्वळ वेळेचा अपव्यय, पक्का बनाव. यांत ‘पुरता’ मला विशेष आवडतो, कारण तो ‘पुरणे’च्याच घरातला आहे आणि ‘पुरता फसला’मध्ये इंग्रजी विशेषणाचा सगळा जोर उतरतो. ‘अटर’ हा त्याचा भाऊबंद बहुतेक वाईट नामांनाच लागतो. ‘कंप्लीट’ला तसा पंक्तिप्रपंच नाही, ‘कंप्लीट सक्सेस’ही चालते. औपचारिक व्यापारी पत्रात मात्र हा जोरदर्शक ‘कंप्लीट’ टाळलेला बरा, कारण ‘कंप्लीट डिले’ किंवा ‘कंप्लीट मिस्टेक’ असे काहीतरी लिहिले जाते, जे इंग्रजी वाचणाऱ्याला विचित्र वाटते आणि रागावल्यासारखेही वाटते.

‘मोअर’ लावता येते का? व्याकरणाचे काही कडक शिक्षक नाही म्हणतात, कारण जे पूर्ण आहे ते आणखी पूर्ण कसे होणार. प्रत्यक्ष वापर त्यांच्या बाजूने नाही. ‘मोअर कंप्लीट लिस्ट’ म्हणजे कमी उणिवा असलेली यादी, आणि हा प्रयोग चांगल्या लेखनात नेहमी आढळतो. अमेरिकेच्या १७८७ मधील राज्यघटनेच्या उद्देशिकेत तर ‘परफेक्ट’लाही ‘मोअर’ लावलेले आहे. भाग मोजण्याच्या अर्थाने तुलना चालते, काम संपल्याच्या अर्थाने चालत नाही. काम किती झाले हे सांगायचे असेल तर ‘ऑलमोस्ट’, ‘निअरली’ किंवा टक्केवारी वापरावी. ‘व्हेरी कंप्लीट’ एखाद्या सविस्तर अहवालाबद्दल म्हणता येईल, ऑर्डरीबद्दल नाही.

शेजारच्या शब्दांबद्दल फार लिहीत नाही. ‘होल’ म्हणजे न तुटलेले, अखंड; ‘एन्टायर’ म्हणजे काही न वगळता सगळे; ‘टोटल’ म्हणजे बेरीज केलेले; ‘फुल’ म्हणजे मर्यादेपर्यंत भरलेले किंवा न कापलेले, जसे पूर्ण किंमत, पूर्ण नाव. नोकरी सोडताना हिशेब मिटवायचा तो ‘फुल अँड फायनल’, तेथे ‘कंप्लीट’ येत नाही.

शास्त्रांनी या शब्दाला दिलेली मापे मात्र पाहण्याजोगी आहेत, कारण तेथे रोजचा अर्थ घेऊन गेले की फसगत होते. ‘कंप्लीट ब्लड काउंट’, म्हणजे आपण ज्याला सीबीसी म्हणतो ती तपासणी, तांबड्या व पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन यांचा हिशेब देते. साखर, यकृत किंवा मूत्रपिंड यांबद्दल त्यातून कळत नाही, तरी ‘रक्ताची कंप्लीट तपासणी केली’ असे आपण सहज म्हणतो. कर्करोगात ‘कंप्लीट रेमिशन’ म्हणजे तपासण्यांत रोगाची खूण दिसत नाही अशी अवस्था. आजार कायमचा बरा झाला असे तो शब्द सांगत नाही, आणि रुग्णाच्या नातेवाइकांसाठी भाषांतर करताना येथे हयगय चालत नाही. वनस्पतिशास्त्रात निदलपुंज (बाहेरची हिरवी दले), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर) आणि जायांग (स्त्रीकेसर) ही चारही मंडले असलेले फूल ‘कंप्लीट’, जसे जास्वंदीचे. पुमंग आणि जायांग दोन्ही असलेले फूल ‘परफेक्ट’. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कणसातले दाणा धरणारे फूल या हिशेबाने परफेक्ट आहे, पण त्याला नेहमीच्या अर्थाच्या पाकळ्या नसल्यामुळे कंप्लीट नाही. या दोन्ही शब्दांना ‘परिपूर्ण’ म्हणणारा भाषांतरकार त्या उताऱ्यातून बाहेर पडू शकणार नाही. क्रिकेटमध्ये फलंदाजाची ‘कंप्लीटेड इनिंग’ म्हणजे ज्यात तो बाद झाला ती. ब्रॅडमन कसोटीत ८० डाव खेळले, १० वेळा नाबाद राहिले. ६,९९६ धावांना ८० ने नव्हे तर ७० ने भागतात, तेव्हा ९९.९४ ही सरासरी येते. संघ जिंकून नाबाद परतलेल्या फलंदाजाचा डाव आकडेवारीच्या दृष्टीने अपुरा असतो, हे क्रिकेट न पाहणाऱ्याला पटवणे कठीण आहे.

‘कंप्लीट विथ’ हा प्रयोग तुम्हाला माल वर्णन करताना उपयोगी पडेल. ‘गिफ्ट बॉक्स कंप्लीट विथ रिबन’ म्हणजे रिबिनीसकट खोके. येथे ‘पूर्ण’ हा शब्द मराठीत आणूच नये, ‘सह’ किंवा ‘सकट’ पुरे. फक्त हे ध्यानात असू द्या की ‘कंप्लीट विथ’ लिहिले की ती वस्तू किमतीत धरलेली आहे असे खरेदीदार समजतो. रिबिनीचे पैसे वेगळे लावायचे असतील तर हा प्रयोग करू नये.

आपल्याकडच्या इंग्रजीत या शब्दाच्या काही सवयी मराठीतून आलेल्या आहेत. ‘मी पंचविशी पूर्ण केली’ हे मराठी सरळ आहे, पण त्यावरून ‘आय कंप्लीटेड ट्वेंटीफाइव्ह इयर्स’ असे वयाबद्दल लिहिले तर परदेशी वाचक नोकरीची किंवा शिक्षेची वर्षे समजेल. वयासाठी ‘टर्न्ड’ लिहावे. नोकरीच्या अर्जात ‘कंप्लीटेड माय ग्रॅज्युएशन’ येथे सर्वांना समजते, बाहेर मात्र ‘ग्रॅज्युएशन’ हा पदवीदानाचा सोहळा किंवा पदवी मिळण्याची घटना असते, म्हणून पदवीचे नाव आणि वर्ष द्यावे. ‘कंप्लीट डिफरंट’ हे चूक आहे, विशेषणाआधी ‘कंप्लीटली’ लागते. आणि ‘कॉम्प्लिमेंट’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत, त्यांतला मधल्या अक्षरात ‘ई’ असलेला ‘कंप्लीट’शी अर्थाने जोडलेला असून पूरक या अर्थाचा आहे, आणि ‘आय’ असलेला प्रशंसेचा आहे; ‘आमच्या चादरी तुमच्या टॉवेलना पूरक आहेत’ असे खरेदीदाराला लिहिताना स्पेलिंग तपासून घ्या, नाहीतर तुमच्या चादरी त्याच्या टॉवेलांची स्तुती करू लागतील.